'साहेब आपले आहेत' म्हणणाऱ्या वकिलांकडे ज्युनिअर व्हावं का?

पत्र थोडक्यात: विधी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक वाचक लिहिते: "दिवाणी न्यायाधीश परीक्षेचा अभ्यास दोन वर्षं चालू आहे. तीन वर्षं वकिलीची अट परत आल्यामुळे आता कोणाकडे तरी ज्युनिअर म्हणून जावंच लागणार. मधल्या काळात रूममेटबरोबर एक कोरियन मालिका पाहिली. बड्या लॉ फर्मच्या इशाऱ्यावर निकाल देणारा न्यायाधीश मरतो, दहा वर्षं मागे जाऊन जागा होतो आणि या खेपेला त्याच लोकांना एकेक करून गजाआड धाडतो. शेवटचा भाग संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. वाटलं, मलाही हेच करायचंय. मामांना सांगितलं तर ते हसले. त्यांचा वाटपाचा दावा १९ वर्षं पडून आहे. म्हणाले, 'सगळं वरून ठरतं, तू काय उपटणार?' आता गावातले एक नामांकित वकील महिना १५ हजार देऊन मला घ्यायला तयार आहेत. पण बोलता बोलता म्हणाले, 'आपल्या पक्षकाराला काळजी नसते, साहेब आपले आहेत.' दुसऱ्या एका वकीलबाई फक्त ५ हजार देतात, त्यांच्याकडे गर्दीही नाही. मोठ्या चेंबरमध्ये राहून सगळं समजून घ्यावं आणि पुढे न्यायाधीश होऊन साफसफाई करावी, की हा नादच सोडावा?"

उत्तर:

मालिकेचं नाव इथे छापत नाही. ज्यांनी अजून पाहिली नाही त्यांचा रस कशाला घालवायचा? तसंही अशा मालिका एकापाठोपाठ एक येताहेत आणि सगळ्यांचा साचा एकच आहे: विकला गेलेला न्यायाधीश, त्याला विकत घेणारी फर्म, आणि प्रायश्चित्त.

त्या नायकाकडे एकदा कायद्याच्या विद्यार्थिनीच्या नजरेने बघ. दहा वर्षं मागे आल्यावर तो काय करतो? गुन्हेगार कोण हे त्याला आधीच ठाऊक आहे. मग तो स्वतः पुरावे शोधतो, साक्षीदारांना भेटतो, सापळे लावतो आणि शेवटी त्याच माणसाचा खटला स्वतःच्याच कोर्टात चालवतो. पहिल्या आयुष्यात तो निकाल आधी ठरवून फाईल नंतर रचत होता. दुसऱ्यातही तेच करतो, फक्त आता निकाल आपल्या मनासारखा लागतो म्हणून आपण टाळ्या वाजवतो. कोरियाच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, ज्या न्यायाधीशाने त्याच प्रकरणात तपासाचं काम केलं असेल त्याला तो खटला चालवायला मनाई आहे. म्हणजे खऱ्या सोलमध्ये हा नायक पहिल्याच तारखेला बाजूला झाला असता. (तो आपटतो तो लाकडी हातोडासुद्धा आजच्या कोरियन कोर्टात नसतो. आपल्याकडेही नसतो, तरी मराठी नाटकातला न्यायाधीश तो घेतल्याशिवाय खुर्चीत बसत नाही.)

तेव्हा 'मलाही हेच करायचंय' यातलं 'हेच' म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरव.

तुझं दुसरं गृहीतक असं की न्याय बिघडतो तो पाकिटामुळे. पाकिटं असतात. कोरियाने त्यांच्यासाठी बराच कडक कायदा केला, तोही सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती किम यंग-रान यांच्या नावाने ओळखला जातो. सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे. सरकारी माणसाने एका वेळी १० लाख वॉनपेक्षा जास्त किंवा वर्षभरात ३० लाख वॉनपेक्षा जास्त घेतले तर तो गुन्हा. बदल्यात काम केलं की नाही, हा प्रश्नच विचारायचा नाही. पण तिथले वकील ज्या गोष्टीबद्दल खरी कुरकुर करतात तिचं नाव वेगळं आहे: 'जॉन्ग्वान येउ', म्हणजे माजी अधिकाऱ्याला मान. कालपर्यंत खंडपीठावर असलेले गृहस्थ आज वकील म्हणून उभे राहतात. खुर्चीतला न्यायाधीश त्यांच्याच हाताखाली घडलेला असतो, आणि पक्षकार त्या ओळखीचे पैसे मोजतो. यात पाकीट कुठे आहे? फक्त फी आहे, पावतीसकट. २०११ मध्ये तिथल्या वकील कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेवटच्या वर्षभरात ज्या कोर्टात नोकरी केली तिथली प्रकरणं निवृत्तीनंतर एक वर्ष घ्यायची नाहीत असं ठरलं. आपल्या राज्यघटनेचं कलम २२० उच्च न्यायालयाच्या कायम न्यायाधीशांना याहून मोठी आडकाठी घालतं. वाचून ठेव, मुलाखतीत विचारतात.

'साहेब आपले आहेत' हे वाक्य याच जातीचं आहे, आणि मामांचा दावा रखडण्याचं कारण कदाचित तिसरंच असेल. यासाठी कोरियातलंच एक प्रकरण सांगते. दुसऱ्या महायुद्धात जपानी पोलाद कारखान्यात सक्तीने राबवलेल्या चार कोरियन माणसांनी भरपाई मागितली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देऊन प्रकरण खाली पाठवलं. २०१३ मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने प्रत्येकी १० कोटी वॉन मंजूर केले. कंपनी पुन्हा वर गेली आणि प्रकरण तिथेच बसलं, पाच वर्षं. ३० ऑक्टोबर २०१८ ला अंतिम निकाल आला, वादींच्याच बाजूने. त्या दिवशी चौघांतला एकच जिवंत होता. मधल्या काळात काय झालं? सरकारी पक्षाचा आरोप असा की सरन्यायाधीश यांग संग-ते यांच्या प्रशासनाला एक नवं अपील न्यायालय हवं होतं, त्यासाठी सरकारची मर्जी हवी होती, म्हणून सरकारला अडचणीचा खटला लांबवला. जानेवारी २०१९ मध्ये यांग यांना अटक झाली. माजी सरन्यायाधीशाला अटक होण्याची ती तिथली पहिलीच वेळ. जानेवारी २०२४ मध्ये सोलच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना सगळ्या ४७ आरोपांतून मोकळं केलं, आणि सरकारी पक्ष अपिलात गेला. आरोप खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवला तरी पाच वर्षं तर गेलीच ना? कोणी निकाल फिरवला नाही. फक्त तारीख पुढे गेली. असा भाग मालिकेत दाखवता येत नाही, कारण पडद्यावर काही घडतच नाही.

आणि प्रायश्चित्ताचं म्हणशील तर ते कोरियात खरोखर होतं. त्याला 'जेशिम' म्हणतात, म्हणजे अंतिम झालेला खटला नव्याने चालवणं. ९ एप्रिल १९७५ ला आठ जणांना देशद्रोहाच्या खटल्यात फाशी दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम करून एक दिवसही उलटला नव्हता. जानेवारी २००७ मध्ये फेरखटल्यात ते आठही जण निर्दोष ठरले.

दुसरं उदाहरण तुझ्या जास्त कामाचं आहे. सप्टेंबर १९८८ मध्ये ह्वासंग भागात १३ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. पोलिओने पाय अधू असलेल्या एका तरुणाला पुढच्या वर्षी पकडलं. पोलिसांनी झोपू दिलं नाही, मारलं, कबुलीजबाब घेतला. त्या कबुलीत तो भिंत चढून घरात शिरला असं होतं. जोडीला केसाच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल. जन्मठेप झाली. वरच्या दोन्ही कोर्टांनी ती कायम केली. वीस वर्षं तुरुंगात काढून तो २००९ मध्ये पॅरोलवर सुटला. २०१९ मध्ये भलत्याच माणसाने खुनाची कबुली दिली आणि १७ डिसेंबर २०२० ला सुवनच्या जिल्हा न्यायालयाने पाय अधू असलेल्या त्या माणसाला निर्दोष सोडलं. पीठासीन न्यायाधीशांनी भर कोर्टात न्यायसंस्थेच्या वतीने माफी मागितली. आता सांग, यात विकला गेलेला न्यायाधीश कोण? तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांनी एक कबुली आणि एक सदोष अहवाल खरा मानला. पाय अधू असलेला माणूस भिंत चढला कसा, हे कोणी नेटाने विचारलं नाही. लाच न घेताही एवढा अन्याय होऊ शकतो. तू न्यायाधीश झालीस तर तुझ्यासमोर पाकीट कदाचित कधीच येणार नाही. असा अहवाल मात्र महिन्याला दहा वेळा येईल. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ पोलिसांपुढची कबुली बाहेर ठेवतं ते उगाच नाही. ते कलम पाठ करताना हा तरुण आठवलास तर मालिकेवर घालवलेल्या रात्रींचं चीज होईल.

आता चेंबरचं.

'साहेब आपले आहेत' हे बहुतेक वेळा खोटं असतं, आणि धंदा त्या खोट्यावरच चालतो. गणित सोपं आहे. दहा पक्षकारांकडून साहेबांच्या नावाने रक्कम घ्यायची. साहेबांना पत्ताही नसतो. दहापैकी पाचांच्या बाजूने निकाल आपोआप लागणारच. त्या पाचांचे पैसे खिशात घालायचे, उरलेल्या पाचांना 'समोरच्याने जास्त मोजले' म्हणून परत द्यायचे. परत मिळालेले पाच जण वकिलाला प्रामाणिक म्हणतात आणि न्यायाधीशाला चोर. तुझ्या मामांचं 'सगळं वरून ठरतं' हे मत अशाच कारखान्यांतून गावोगाव जातं. ते वकील असंच करतात, असं माझं म्हणणं नाही. एका वाक्यावरून माणूस ठरत नाही. काही वकील नुसती शेखी मिरवतात. म्हणून हो म्हणण्याआधी आठवडाभर 'बसून बघते' म्हणून परवानगी माग आणि बघ.

काय बघायचं? पक्षकार पैसे देतो तेव्हा पावती फाडली जाते का. कोर्ट फी स्टॅम्पची किंवा ऑनलाइन भरलेली असते, समन्सच्या बजावणीचा खर्चही रीतसर भरावा लागतो, या सगळ्याला कागद असतो. ज्या खर्चाला कागद नाही आणि ज्याचं नाव 'वरचा खर्च' किंवा 'चहापाणी' आहे, तिथे कान टवकार. ज्युनिअरकडून काय करून घेतात तेही बघ. कैफियती लिहायला देतात, की नुसत्या तारखा घ्यायला पळवतात? मुख्य म्हणजे, पाकीट पोचवायला कोणाला पाठवतात? ते काम ज्युनिअरच्याच वाट्याला येतं, कारण पकडलं तर त्याने पकडलं जायचं असतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७क वाच. लोकसेवकावर वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा खासगी माणूसही त्यात अडकतो, शिक्षा तीन ते सात वर्षं. मदत करणाऱ्याला कलम १२ आहेच. 'मला माहीत नव्हतं, सरांनी सांगितलं' हे वकिलाच्या तोंडी शोभत नाही आणि टिकतही नाही.

'राहून समजून घ्यावं' हा तुझा बेत मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. मालिकेतला नायक पहिल्या आयुष्यात फर्मकडे गेला तेव्हा तोही एका दिवसात विकला गेला नव्हता. आधी उपकार होतात, मग सवय लागते, मग नाही म्हणायची लाज वाटते. मालिकेने हे मात्र नीट दाखवलंय. दहा हजारांचा फरक लहान नाही, घरची ओढाताण मला कळते. पण तीन वर्षांनी तुला ज्या गोष्टीची गरज लागणार आहे ती त्या दहा हजारांत येत नाही.

२० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वकिलीचे दिवस बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजले जातात. प्रमाणपत्र किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं चालतं, मात्र त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. म्हणजे नामांकित माणूसच हवा असं काही नाही. त्या वकीलबाईंची दहा वर्षं झाली आहेत का, एवढं आधी विचार. मग दुसरं विचार: वकीलपत्रावर तुझं नाव घालतील का? अनेक चेंबरमध्ये ज्युनिअर तीन वर्षं राबतो आणि एकाही वकीलपत्रावर त्याची सही नसते. नंतर 'मी वकिली केली' हे दाखवायला हातात काही उरत नाही. पहिल्या दिवसापासून एक वही ठेव: तारीख, कोर्ट, प्रकरण क्रमांक, तू काय केलंस. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, तुझी हजेरी आली असेल तर त्याची प्रत काढून ठेव. मालिका आणि निकाल दोन्ही बदलतात, म्हणून भरतीची जाहिरात येईल तेव्हा तिच्यातली अट अक्षर न अक्षर वाच.

गर्दी कमी असलेल्या चेंबरचा एक फायदा कोणी सांगत नाही. तिथे उलटतपास लवकर हातात मिळतो. मोठ्या चेंबरमध्ये तीन वर्षं फाईल धरून उभं राहिलेले पुष्कळ आहेत. ५ हजारांत भागत नसेल तर वकीलबाईंशी मोकळेपणाने बोल. दुपारनंतर दुसऱ्या वकिलांचं मसुदे लिहायचं काम घेतलं तर चालेल का, विचार. बऱ्याच जणी हो म्हणतात.

आणि खरंच कोणी न्यायाधीश पैसे घेतोय असा ठोस पुरावा कधी हाती आला, तर नायिका होऊ नकोस. कनिष्ठ न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे, राज्यघटनेचं कलम २३५. तक्रार तिकडे जाते. सोबत शपथपत्र आणि पडताळून बघता येईल असा पुरावा लागतो, निनावी चिठ्ठी बहुधा फाईलला लागते. दलालाने पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. नाइलाजाने पैसे द्यावे लागले असतील तर देणाऱ्याने सात दिवसांत कळवलं पाहिजे, नाहीतर तोही आरोपी. ही वाट हळू आहे. कोरियातही हळूच आहे. तिथे महाभियोग किंवा तुरुंगवासाची शिक्षा झाल्याशिवाय न्यायाधीशाला पदावरून काढता येत नाही, खात्यातली सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे एक वर्ष निलंबन. २०२१ मध्ये संसदेने पहिल्यांदा एका न्यायाधीशावर महाभियोग मंजूर केला. घटना न्यायालयात प्रकरण प्रलंबित असतानाच त्याची मुदत संपली, तो घरी गेला, आणि पदच उरलं नाही म्हणून प्रकरण काढून टाकलं. चिडचिड होते खरी. पण न्यायाधीशाला सहज हटवता येऊ नये, ही तरतूद प्रामाणिक न्यायाधीशालाही सरकारपासून वाचवते. दोन्ही बाजू मांडून यावर एक निबंध लिहून काढ.

मालिका बघणं सोडू नकोस. फक्त पुढच्या वेळी कोर्टातला एक प्रसंग संपला की थांबव आणि एक पान घे. आपल्या दिवाणी निकालपत्रात असतात तसे डावीकडे 'मुद्दे', उजवीकडे 'निष्कर्ष', आणि त्याखाली 'कारणे' लिही. उजवीकडचं 'होय' आणि 'नाही' लिहायला अर्धा मिनिट लागतो. खालची कारणं, फक्त पडद्यावर सिद्ध झालेल्या गोष्टींवर, नायकाला मागच्या जन्मातून ठाऊक असलेल्या गोष्टी वगळून, लिहायला तासभर लागेल. बहुतेक प्रसंगांत अडशील. जिथे अडशील तिथे कुठला पुरावा कमी आहे ते लिही.

मामांशी भांडू नकोस. त्यांच्याकडून दाव्याचा सीएनआर क्रमांक माग, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, १६ अक्षरांचा असतो, जुन्या नोटिशीवर नसेल तर पक्षकाराच्या नावाने ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर शोध. मग दोघं बसून तारखांचा तक्ता करा: तारीख, काय झालं, कोणी मुदत मागितली. जुन्या तारखा ऑनलाइन नसतील तर रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करा. वाटपाच्या दाव्यात बहुधा तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: समन्स बजावलं नाही, मयताचे वारस दाखल केले नाहीत, वकिलाने मुदत मागितली. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १७ सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नकोत म्हणतो. तक्त्यात आपल्याच वकिलाचे अर्ज किती निघतात ते मोजा. वारसांची नोंद राहिली असेल तर तो अर्ज लिहायला वकीलबाईंची मदत घे, तुझी पहिली वकिली तीच होईल.